कुणाच्या दारात

पेन्शनच्या जाहिरातीतले म्हातारे कुठल्या गावचे असतात, हे मला एकदा कुणाला तरी विचारायचं आहे. केस पांढरेशुभ्र, दात सगळे शाबूत, अंगात फिक्या रंगाचा सुती शर्ट, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. नवराबायको हातात हात घालून समुद्रकाठानं चाललेत आणि कशाला तरी खळखळून हसताहेत. बँकेत माझा नंबर यायचा होता, तोवर टेबलावरचं ते पत्रक मी उलटसुलट करून पाहत होते. साताऱ्यात समुद्र नाही, हे सोडून देऊ. पण आमच्याकडचे पेन्शनर असे मोकळ्या हातांनी चालत नाहीत. त्यांच्या हातात पिशवी असते. पिशवीत पासबुक, छत्री आणि वाटेत स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली कोथिंबिरीची जुडी. संध्याकाळी बागेतल्या बाकावर टेकतात, कानटोपी सावरतात. हसणं म्हणाल तर डीएचा हप्ता जाहीर झाला की चार दिवस असतं.

पत्रकातल्या जोडप्याच्या डोक्यावर ढगांमध्ये एक वाक्य छापलं होतं आणि त्यात 'निवृत्ती'तला एक त गळला होता. मी मुद्रितशोधक. हात शिवशिवला आणि पेन काढून तो त मी लिहिलाच. काउंटरमागच्या मुलानं पाहिलं, पण तो काही बोलला नाही.

आमच्या धंद्याला साठ वर्षांची अट नाही. डोळे चालतात तोवर प्रुफं वाचायची. गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंकांचे गठ्ठे येऊ लागतात, पूर्वी खरोखरचे गठ्ठे यायचे, आता पीडीएफ येतात. दोन महिने पाठ आणि मान एक होते. पैसे काहींचे दिवाळीत येतात, काहींचे संक्रांतीला आणि काहींचे पुढच्या अंकाच्या कामाबरोबर 'मागचं राहिलंय ना तुमचं' असं म्हणत. पगार नाही म्हणून पीएफ नाही, पीएफ नाही म्हणून त्यातली पेन्शन नाही. आहे ती पोस्टातली आरडी. एजंटबाई दर महिन्याला येतात, रबरबँडनं बांधलेल्या पासबुकांच्या चळतीतून माझं अचूक काढतात, पाणी पितात आणि गल्लीची खबरबात देऊन जातात. त्यांच्या आधी पिग्मीवाले काका यायचे. ही पिग्मी १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेनं सुरू केली, दिवसाला दोन-दोन आणे दारात येऊन गोळा करायचे म्हणून. आमच्याकडच्या पतसंस्थांनी ती उचलली आणि भाजीवालीपासून सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या दुकानाला दुपारी चारचा एक पाहुणा मिळाला. पैसे न्यायला लोक दारात येतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. म्हातारपणी पैसे द्यायला कुणी येईल का, हा विचार मात्र चाळशी नाकावर आल्यानंतरच सुचला. छेचाळिसाव्या वर्षी.

वडिलांना हा विचार करावाच लागला नव्हता. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. नोकरी लागली त्या दिवशी त्यांचं म्हातारपणही लागलं, असं आई म्हणते. कुठल्या कंपनीची पेन्शन घ्यावी, किती हप्ता भरावा, शेअरबाजारात किती आणि रोख्यांत किती, यातला एकही प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. निवृत्तीनंतर महिन्याच्या सुरुवातीला इस्त्रीचा शर्ट घालून ते पासबुकात एंट्री करून आणायला जायचे. एंट्रीच्या मशिनीतून पान करकर आवाज करत बाहेर यायचं आणि ते त्यावर फुंकर घालायचे. शाई ओली नसते, हे त्यांना ठाऊक होतं. पंतोजीची सवय. त्यांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, अजून पत्र्याच्या ट्रंकेत आहे. त्यावरचा गोल शिक्का वडिलांपेक्षा जास्त काळ टिकला.

त्यांच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, गोष्ट वेगळी. तिला पेन्शन नव्हती, तिला चार मुलगे होते. तीन-तीन महिने प्रत्येकाकडे. गावाकडच्या काकांकडून निघताना तिची वळकटी, चंचीतला अडकित्ता, देवाची डबी आणि औषधांची पिशवी एसटीत चढवली जायची. आमच्याकडे आली की पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची, आत यायची नाही. आईनं दोनदा 'आत या' म्हटलं की यायची. एवढा मान घेतल्याशिवाय ती आली नाही कधी. पाळी संपत आली की तिचं कॅलेंडरकडे बघणं सुरू व्हायचं, आणि पुढच्या घरून 'या महिन्यात जरा अडचण आहे' असा निरोप आला की ती काहीच न बोलता तांदूळ निवडायला घ्यायची. मुलगे वाईट नव्हते. घरं लहान होती. पण प्रत्येक तिमाहीला नव्या दारात उभं राहायचं, हे तिच्या वाट्याला आलं आणि तेही तिनं निवडलेलं नव्हतं.

मला निवडायचं होतं. आमच्या घराण्यात बहुधा मीच पहिली.

ज्यात खातं उघडायचं ती राष्ट्रीय पेन्शन योजना, एनपीएस. केंद्र सरकारनं ती १ जानेवारी २००४ पासून आपल्या नव्या नोकरांना लागू केली, सैन्यदलं वगळून. २००९ च्या मे महिन्यात ती कुणालाही खुली झाली. प्रुफं वाचणारीलाही. वर्षाला निदान हजार रुपये भरायचे, बारा आकडी कायमचा क्रमांक मिळतो. पैसे सांभाळायला फंड आपण निवडायचा. आणि इथं यादी उघडते. एसबीआय, एलआयसी, यूटीआय, एचडीएफसी, आयसीआयसीआय, कोटक, टाटा, ॲक्सिस, आणखीही आहेत. पैसे कुठं ठेवायचे ते फंडवाले बघणार, हिशेबाची वही ठेवणारी संस्था वेगळी, देखरेख करणारं पीएफआरडीए वेगळं, खातं उघडून देणारी बँक वेगळी. एका म्हातारीसाठी एवढी माणसं. आजी हसली असती.

सल्ले आपोआप आले. बँकेतल्या मुलानं बँकेच्याच घरच्या फंडाचं नाव घेतलं. त्याच्या जागी मी असते तर मीही घेतलं असतं. दादाचं म्हणणं सरळ, सरकारी तेच घे, बुडालं तरी सरकारबरोबर बुडेल. पुण्यातली माझी एक मैत्रीण, आकड्यांची हौशी, तिनं एक एक्सेल पाठवली. गेल्या पाच वर्षांत कुणी किती दिलं, दहा वर्षांत किती, हिरवे-लाल रकाने. पाहत बसले तर दरवर्षी पहिला येणारा वेगळा, आणि पहिल्यात नि चौथ्यात एवढं थोडं अंतर की त्यावरून रात्रीची झोप घालवावी असं काही नव्हतं. फंड सांभाळण्याचा आकारही शंभर रुपयांमागे वर्षाला काही पैसे. नाही आवडलं तर वर्षातून एकदा फंड बदलता येतो. म्हणजे ज्याच्यावर एवढा खल चालला होता, ती निवड खरं तर सगळ्यात हलकी होती.

आईनं एक्सेल पाहिली नाही. तिनं एकच विचारलं, "यांचं ऑफिस कुठंय?"

मी म्हटलं, "बहुतेकांचं मुंबईला."

"मुंबईला कुठं? म्हणजे पैसे अडकले तर जायचं कुठं? कुणाच्या दारात जाऊन बसायचं?"

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न वाटला, पण नेता आला नाही. कारण आईला तो पुस्तकातून आलेला नव्हता. वडिलांच्या सुधारित वेतनाची फरकाची रक्कम एका कार्यालयात अडकली होती, तेव्हा ते डबा घेऊन तिथं जात. साहेब जागेवर नसत. वडील बाकावर बसून राहत, शेजारच्या शिपायाच्या मुलाला भागाकार शिकवत. अखेर फरक मिळाला, तो अर्जानं मिळाला की बसण्यानं, हे घरात अजून ठरलेलं नाही. आईचं मत बसण्याच्या बाजूनं आहे.

तिच्या मताला मोठा आधार आहे, हे तिला माहीत नसेल. आपल्याकडे येणं वसूल करण्याची जुनी रीतच ती होती. पेशवाईत धनको ऋणकोच्या दारात धरणं धरून बसे, स्वतः जेवत नसे आणि आतल्यालाही जेवू देत नसे. पगार थकला की शिपाईगडी सरदाराच्या दारात असेच बसत. तेव्हा देणेकऱ्याला दार होतं, आणि दारात बसलेल्याला ओलांडून बाहेर पडण्याची लाज होती. कायद्याच्या कलमांपेक्षा त्या लाजेवर व्यवहार चालत असावेत.

आणि मग पेशव्यावरच पेन्शनर व्हायची वेळ आली. दुसरा बाजीराव ३ जून १८१८ रोजी असीरगडाजवळ जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. गादी गेली, पुणं कायमचं सुटलं, त्या बदल्यात वर्षाला आठ लाख रुपये. मराठी इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध पेन्शन हीच म्हणायची. ती सुरू झाली तेव्हा बाजीरावाचं वय होतं त्रेचाळीस. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान! आपल्या मनात दुसरा बाजीराव कायम म्हातारा असतो, निदान माझ्या मनात होता. वय ताडून पाहिलं तेव्हा दचकले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली होती, माल्कमनं हात सैल सोडला असं त्याचं म्हणणं. बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, गंगेकाठी, जाऊन राहिला. स्नानसंध्या, दानधर्म, लग्नं, दत्तक, आणि मागोमाग आलेला मोठा गोतावळा. तो जगला किती? १८५१ च्या जानेवारीपर्यंत. तेहतीस वर्षांच्या आसपास कंपनी आठ-आठ लाख मोजत राहिली. पेशवाईवर त्यानं केलेल्या अन्यायाची यादी मोठी आहे, पण पेन्शनर म्हणून त्याची कामगिरी निर्विवाद. अफगाण युद्धात कंपनीची तिजोरी आटली तेव्हा त्यानं आपल्या शिलकीतून पाच लाख रुपये कंपनीलाच दिले. पेन्शनरानं पेन्शन देणाऱ्याला हातउसने द्यावेत, याहून मोठी ऐट कुठली!

पण मला त्या गोष्टीतलं पुढचं पान जास्त खुपतं. बाजीराव गेला आणि पेन्शन थांबली. दत्तक नानासाहेबानं अर्ज केला, डलहौसीच्या सरकारनं नकार दिला. मग वरच्या दाराकडे जायचं ठरलं. ते दार लंडनमध्ये होतं. नानासाहेबाचा वकील अजिमुल्ला खान समुद्र ओलांडून तिथवर गेला, आणि हात हलवत परत आला. बसायचं कुठं? कंपनीच्या डायरेक्टरांच्या दारात उपाशी बसून त्यांचं जेवण थोडंच अडणार होतं. पुढचं १८५७ सगळ्यांना ठाऊक आहे. एक तपशील मात्र मुद्दाम लक्षात ठेवावा असा, की बाजीरावानंतर आठ वर्षांच्या आत त्या कंपनीचं राज्यही संपलं. पेन्शन घेणारा गेला, देणारीही गेली.

दूरचं दार ही बाब आताही काही जुनी झालेली नाही. माझी मावसबहीण आणि तिचा नवरा दोघं शिक्षक. ती जून २००५ ची, तो पुढच्या वर्षीचा. आपल्या राज्यानं १ नोव्हेंबर २००५ ला रेघ मारली. तिच्या अलीकडे जुनी पेन्शन, पलीकडे आपल्याच पगारातून कापून साठवायची. एका घरात, एका कुकरच्या भातावर, दोन निराळी म्हातारपणं वाढताहेत. 'तुझ्या पेन्शनवर मी जगीन' असं तो थट्टेनं म्हणतो आणि ती हसत नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' अशा टोप्या घालून, तेव्हा दोघंही कलेक्टर कचेरीसमोर बसले होते. ती त्याच्यासाठी बसली होती. आठवडाभरात संप मागे घेतला. टोप्या अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहेत, लग्नाच्या फोटोशेजारी.

आणि बुलढाण्याला तर म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली, ईपीएस-९५ वाली, म्हणजे पीएफमधली पेन्शन घेणारी. कारखान्यांत, महामंडळांत, सहकारी संस्थांत हयात घालवलेली. १९९५ च्या नोव्हेंबरात ती योजना आली, २०१४ मध्ये तिची किमान पेन्शन हजार रुपये ठरली. महिन्याला हजार. गॅसचं सिलिंडर घेतलं की उरतं ते मोजायला हाताची बोटं पुरतील. आज हा बसेल, उद्या तो, अशी साखळी. जाहिरातीतल्या समुद्रकाठापासून बुलढाणा फार दूर आहे.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंनी माझ्या हातात ते पत्रक पाहिलं आणि विचारलं, "मला पण मिळंल का असलं?" अटल पेन्शन त्यांच्यासारख्यांसाठीच निघाली, २०१५ मध्ये, साठीनंतर महिन्याला हजारापासून पाच हजारांपर्यंत. पण तिच्यात शिरायचं वय अठरा ते चाळीस. ताईंच्या आधार कार्डावर त्या बेचाळीसच्या आहेत. "खरं वय कुणाला माहितेय," त्या म्हणाल्या, "शाळेत घालताना बापानं वाढवून सांगितलं, पहिलीत घ्यावं म्हणून." बापानं पोरीला शिकवायच्या हौसेनं दोन वर्षं वाढवली, आणि ती दोन वर्षं तिच्या साठीनंतरच्या दारात आडवी आली. एनपीएसचा रस्ता त्यांना अजून मोकळा आहे, तो मी सांगितला. त्यांनी हजार रुपयांचा आकडा ऐकून घेतला आणि "भिशी लागली की बघू" म्हणाल्या. मी जोर केला नाही. दुसऱ्याच्या घरात पोळ्यांचं पीठ कधी संपतं ते आपल्याला दिसत नाही.

आईचा हयातीचा दाखला याच सुमारास आला. वडिलांच्या मागे तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं आणि दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं. पूर्वी बँकेत रजिस्टर असायचं. यादीतल्या आपल्या नावापुढं सही करायची, शेजारच्या नावापुढची सही नसली की 'अरेरे' म्हणायचं. मग अंगठ्याचं यंत्र आलं. पण आईच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत, राखेनं भांडी घासून आणि चिंचा फोडून गेल्या. यंत्र दर वेळी ती नाही असंच म्हणायचं. आता मोबाइलवर चेहरा दाखवून जमतं. मी तिला खिडकीशी बसवलं, उजेड चेहऱ्यावर पडेल असं. तिनं केस सारखे केले, पदर घेतला. पडद्यावर गोल आला, गोलात तिचा चेहरा, आणि सूचना आली, डोळे मिचकावा.

ती बघतच राहिली.

"आई, डोळे मिचकव."

"कुणाला?"

"मोबाइलला."

तिनं मान तिरकी करून एक डोळा बारीक केला, आयुष्यात पहिल्यांदाच केल्यासारखा, आणि स्वतःच लाजली. मशिनीला ते पटलं नाही. मग दोन्ही डोळे घट्ट मिटून बसली, देवासमोर बसते तशी. तेही चाललं नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे उजेडाकडे पाहिलं की पाणी यायचं. शेवटी ती कंटाळून "राहू दे गं" म्हणाली आणि सहज पापणी लवली. टुणकन हिरवी खूण आली. म्हणजे मुद्दाम केलेलं काही चाललं नाही, चुकून जगलेलं तेवढं चाललं. आणखी एक वर्ष ती सरकारदरबारी आहे.

तिच्यानंतर फॉर्म घेऊन मी बसले. फॉर्ममध्ये एक सोय आहे, तिच्यावर माझा जीव जडला. पैसे शेअरबाजारात किती घालायचे हे आपण ठरवायचं नसेल तर वयावर सोडता येतं. मध्यम प्रकार घेतला, तर पस्तिशीपर्यंत निम्मे पैसे बाजारात, मग दर वाढदिवसाला दोन-दोन टक्के कमी, पंचावन्नाला फक्त दहा. छेचाळिशीला आकडा तिशीच्या आत आलेला असतो. कुणी तरी बसून माणसाच्या धाडसाचं असं कोष्टक केलंय, याची गंमत वाटली. पस्तिशीत मी पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून इथं आईवडिलांकडे आले, तो निर्णय कोष्टकाच्या हिशेबात निम्म्या जोखमीचा होता म्हणायचा. आता मी नवी चादर घेतानाही रंग जाईल का विचारते. कोष्टक बरोबर आहे.

नॉमिनीच्या रकान्याला थोडी थांबले. नाव, नातं, टक्के. तीन नावं देता येतात, बेरीज शंभर आली पाहिजे. लग्न केलेल्यांचा हा रकाना हात न उचलता भरला जात असेल. माझ्यासारखीला तिथं आयुष्याचा ताळेबंद मांडावा लागतो, आणि तो पूर्णांकात. आई? ती म्हणाली, माझं नाव घालून काय करतेस, मी आधी जाणार. दादाच्या मुलीचं नाव लिहिलं. ती पुण्यात कॉलेजात आहे. फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आत्या, शंभर टक्के? म्हणजे तू भांडायला कुणीच ठेवलं नाहीस!" तिचंही खरं होतं. वाटण्यांवरून भांडणारं माणूस मागे असणं, ही सुद्धा एक श्रीमंती.

फंड कुठला घेतला ते सांगत नाही. सांगितलं तर वाचणारा आपला फंड माझ्या फंडाशी ताडून बघेल आणि दोघांपैकी एकाचा दिवस उगीच जाईल. एवढंच, की आईनं शेवटी मत दिलं. ज्याच्या नावाची कसली तरी पाटी ती पोवई नाक्याकडे जाताना बघते, त्याला. तिथं माझा फंड नाही, त्या नावाचं दुसरंच काही तरी कार्यालय आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. "असू दे," ती म्हणाली, "भावकी तर आहे. त्यांच्या दारात बसू, ते कळवतील."

आणि गंमत म्हणजे खरा देणारा अजून ठरलेलाच नाही. आता पैसे गोळा करणारा ठरला. साठीला जमलेल्यातला मोठा भाग हातात देतील, उरलेल्याची ॲन्युइटी घ्यायची, म्हणजे महिन्याची पेन्शन, ती कुठल्या तरी विमा कंपनीकडून. पूर्वी या उरलेल्यात निदान चाळीस टक्के ठेवावे लागत, २०२५ च्या डिसेंबरात बिगरसरकारी लोकांसाठी ते वीसवर आणले. ती विमा कंपनी निवडताना पुन्हा यादी, पुन्हा प्रकार; मरेपर्यंत, मरेपर्यंत आणि मागे मुद्दल परत, नवराबायको दोघं असेपर्यंत. त्या वेळी मी साठीची असेन. यादीतली नावं हीच असतील का, हे कुणी सांगावं. हिशेबाची वही ठेवणाऱ्या संस्थेचं नाव मधल्या मधे एकदा बदलूनही झालंय. एनएसडीएल ई-गव्हर्नन्सची प्रोटियन झाली. नाव बदललं तरी वही तीच, असं म्हणतात.

विम्याचा धंदा एरवी माणूस लवकर जाईल या भीतीवर चालतो. इथं मात्र कंपनीची भीती उलटी, मी फार जगेन ही. मी नव्वदीला पोचले तर कुठल्या तरी आकडेतज्ज्ञाच्या कपाळाला आठी पडेल. आजीच्या वेळी असं कुणाला उघड म्हणता येत नव्हतं. ती ब्याण्णव वर्षं जगली, आणि शेवटी शेवटी पाहुणे 'किती वर्षं झाली यांना?' विचारायचे तेव्हा स्वरात कौतुकाबरोबर आणखीही काही असायचं. ते तिला ऐकू यायचं. कमी ऐकू येत होतं तरी ते यायचं. कंपनीचा आकडेतज्ज्ञ मला कधी भेटणार नाही, माझ्यासमोर तांदळाचं ताट सरकवणार नाही, हा या व्यवहारातला मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा. तोटाही बहुधा तोच.

पहिला हप्ता गेल्याचा मेसेज आला तो मी आईला वाचून दाखवला. तिनं रक्कम विचारली, साठीनंतर महिन्याला किती येतील ते विचारलं. नक्की सांगता येत नाही, बाजारावर आहे, म्हटल्यावर तोंड जरा वाकडं केलं. मग लसूण सोलता सोलता म्हणाली,

"तुलाही नोव्हेंबरात दाखला द्यावा लागेल का गं?"

"लागेलच की. विमा कंपनीही विचारते."

"आणि खिडकीत कोण बसवेल तुला?"

मी म्हटलं, तोवर काही तरी नवीन निघालेलं असेल, न मिचकावता चालणारं. ती 'हं' म्हणाली आणि दुसरा गड्डा फोडायला घेतला.